आंतरलिंगी व्यक्ती : शरीर, शस्त्रक्रिया आणि संमती

प्रास्ताविक

प्रसूतिगृहाच्या दारातून परिचारिका बाहेर आली की तिला विचारला जाणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो : मुलगा की मुलगी? बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत का, हा प्रश्न पुष्कळदा त्याच्या मागून येतो. पेढे वाटावयाचे की बर्फी, हे त्या उत्तरावर ठरते. बारशाचे नाव आणि २१ दिवसांच्या आत द्यावयाच्या जन्मनोंदीतील रकानाही त्यावरच अवलंबून असतो. आपली भाषा याबाबतीत समाजाहून थोडी सावकाश चालते. 'मूल' हा शब्द तिने नपुंसकलिंगी ठेवला आहे. 'ते मूल' रडते, हसते, रांगते, आणि त्याचा 'तो' किंवा 'ती' होण्यास व्याकरण पुरेसा अवधी देते. व्याकरणाने दिलेला हा अवधी काही मुलांना समाज मात्र देत नाही. ज्यांच्याकडे पाहून परिचारिकेस चटकन उत्तर देता येत नाही अशी ही मुले, आणि जन्मतः उत्तर दिले गेले तरी पुढे वयात येताना ते अपुरे ठरते अशी त्यांची आणखी भावंडे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ज्यांची जन्मजात शारीरिक लिंगलक्षणे, म्हणजे गुणसूत्रे, जननग्रंथी, संप्रेरके अथवा जननेंद्रिये, पुरुष वा स्त्री या रूढ साच्यात पूर्णपणे बसत नाहीत अशा व्यक्तींना इंग्रजीत 'इंटरसेक्स' म्हटले जाते. मराठीत 'आंतरलिंगी', 'मध्यलिंगी', 'द्विलिंगी' असे प्रतिशब्द वापरात आहेत. त्यांपैकी 'आंतरलिंगी' हा शब्द येथे स्वीकारला आहे. या व्यक्तींविषयी सहानुभूती बाळगावी, असे कोणीही सुजाण प्राध्यापक मान्य करील. परंतु त्यांची मागणी सहानुभूतीची नाही. ती बरीच नेमकी आहे. जिवास धोका नसताना, अजाण वयात, लिंग 'ठरविण्यासाठी' आपल्या शरीरावर शस्त्रक्रिया होऊ नये आणि आपल्या शरीराविषयीची माहिती आपल्यापासून लपविली जाऊ नये, एवढीच ती आहे. ही मागणी ऐकू येण्यात पहिला अडथळा शब्दांचा आहे; म्हणून प्रथम त्यांचाच विचार करणे आवश्यक ठरते.

संज्ञांचा गोंधळ

आंतरलिंगी म्हणजे तृतीयपंथी, असा समज सुशिक्षित वर्गातही सार्वत्रिक आहे. प्रस्तुत लेखकाने पदवी वर्गात हा प्रश्न विचारला तेव्हा विद्यार्थ्यांनी हेच उत्तर दिले, आणि नंतर अध्यापक कक्षात विचारला तेव्हाही उत्तर बदलले नाही. वस्तुतः तृतीयपंथी वा पारलिंगी असणे हा लिंगभावाचा, म्हणजे मी स्वतःस कोण समजतो या जाणिवेचा प्रश्न आहे. अशा बहुसंख्य व्यक्तींचे शरीर जन्मतः स्पष्टपणे स्त्रीचे वा पुरुषाचे असते, परंतु त्यांची जाणीव त्याहून वेगळी असते. आंतरलिंगी असणे ही शरीराची स्थिती आहे. बहुसंख्य आंतरलिंगी व्यक्ती स्वतःस निःसंशयपणे स्त्री वा पुरुष समजतात, तशाच जगतात आणि तशाच ओळखल्या जाव्यात अशी त्यांची अपेक्षा असते. समलिंगी असणे हा आकर्षणाचा, म्हणजे आणखी तिसराच प्रश्न. एकाच व्यक्तीच्या ठायी या बाबी एकत्र येऊ शकतात, पण एकीवरून दुसरीचे अनुमान काढता येत नाही.

'उभयलिंगी' या शब्दाने गोंधळ अधिकच वाढविला आहे. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात जास्वंदीचे फूल उभयलिंगी असते. स्त्री व पुरुष या दोहोंविषयी आकर्षण वाटणाऱ्या व्यक्तीसही हाच शब्द लावला जातो. आणि वृत्तपत्रे तोच शब्द आंतरलिंगी बालकासाठी छापतात. फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही कार्यक्षम असतात. माणसात दोन्ही प्रजननसंस्था पूर्णपणे कार्यरत असल्याचे आढळत नाही. म्हणून हा शब्द येथे दिशाभूल करणारा आहे. पुण्याचे बिंदुमाधव खिरे यांनी मराठी वाचकांसाठी या विषयाची प्राथमिक ओळख करून देणारे पुस्तक लिहिताना 'इंटरसेक्स' हाच शब्द देवनागरीत ठेवला, हे या दृष्टीने समजण्यासारखे आहे.

या विषयावरील लेखांची सुरुवात बहुधा अर्धनारीनटेश्वर, शिखंडी आणि बृहन्नडा यांच्यापासून होते. आपल्या परंपरेत या व्यक्तींना स्थान होते असे त्यातून सुचवावयाचे असते. ही उदाहरणे येथे लागू पडत नाहीत, असे नम्रपणे नमूद करावेसे वाटते. शिखंडीची कथा लिंगपरिवर्तनाची आहे, बृहन्नडा हा अर्जुनाचा अज्ञातवासातील अवतार आहे, आणि अर्धनारीनटेश्वर हे तत्त्वाचे रूपक आहे. जन्मतः वेगळ्या शरीराच्या बालकाचा विचार शोधावयाचा असेल, तर तो मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात सापडतो. तेथे स्त्री-पुरुषांची बीजे समप्रमाणात असल्यास नपुंसक अपत्य वा जुळे जन्मते अशी उपपत्ती दिली आहे. उपपत्ती चुकीची आहे, परंतु तीत निदान शरीराच्या घडणीचा प्रश्न तरी विचारला आहे.

शब्दांचा हा गोंधळ केवळ शाब्दिक राहत नाही. २०११ च्या जनगणनेत प्रथमच 'इतर' हा पर्याय नोंदविला गेला आणि ४,८७,८०३ व्यक्ती त्यात मोजल्या गेल्या. त्यांपैकी ५४,८५४ ही ० ते ६ वयोगटातील बालके होती. त्या वयात लिंगभावाची जाणीव व्यक्त होऊन ती प्रगणकापर्यंत पोहोचणे जवळजवळ अशक्य आहे. मग ही मुले कोण? काही नोंदी चुकीच्या असतील, काही मुले आंतरलिंगी असतील. परंतु एकाच रकान्यात सर्वांना घातल्यामुळे या आकड्यावरून काहीच निष्पन्न होत नाही.

शरीराची घडण

गर्भधारणेनंतर साधारण सहा-सात आठवड्यांपर्यंत सर्वच गर्भांची जननग्रंथी एकसारखी असते. ती वृषण होऊ शकते, अंडाशयही होऊ शकते. वाय गुणसूत्रावरील 'एसआरवाय' नावाचे जनुक (याचा शोध १९९० मध्ये लागला) कार्यरत झाले, तर ती वृषणाच्या दिशेने घडू लागते. पुढे वृषणातून दोन प्रमुख संप्रेरके स्रवतात. एक गर्भाशयाची घडण थांबविते आणि दुसरे, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, अंतर्बाह्य पुरुष अवयवांची घडण करविते. परंतु संप्रेरक स्रवणे पुरेसे नसते; ते ओळखणारे ग्राही पेशींत असावे लागतात, आणि बाह्य अवयवांसाठी टेस्टोस्टेरॉनचे अधिक प्रभावी रूपात परिवर्तन करणारे विकरही असावे लागते. या साखळीतील कोणत्याही टप्प्यावर वेगळे काही घडले, की वेगळे शरीर घडते. 'एक्स-एक्स म्हणजे मुलगी, एक्स-वाय म्हणजे मुलगा' हे शालेय सूत्र या लांब साखळीची केवळ पहिली कडी सांगते.

एक उदाहरण थोडे विस्ताराने पाहू. एखाद्या मुलीची गुणसूत्रे एक्स-वाय आहेत, शरीरात वृषणे आहेत, त्यांतून टेस्टोस्टेरॉन स्रवतही आहे; परंतु पेशींतील ग्राही ते ओळखतच नाहीत. यास संपूर्ण अँड्रोजन असंवेदनशीलता म्हणतात. जन्मतः ती मुलगीच दिसते, मुलगी म्हणूनच वाढते. वयात येताना टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होत असल्याने स्तनांची वाढही होते. मात्र गर्भाशय नसल्यामुळे न्हाण येत नाही. कधी बालपणी अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्या पिशवीत वृषण सापडते आणि तेव्हाच निदान होते. एरवी सोळा-सतरा वर्षांपर्यंत वाट पाहिल्यानंतर, किंवा थेट लग्नानंतर मूल होत नाही म्हणून केलेल्या तपासणीत ते उघड होते. अशा मुलीची वृषणे काढून टाकण्याची घाई पूर्वी सर्रास केली जाई. त्यासाठी कर्करोगाचे कारण दिले जाई. पौगंडावस्थेपूर्वी हा धोका अत्यल्प असतो, हे आता मान्य झाले आहे. ग्रंथी काढल्या की मात्र वयात येण्यासाठी आणि हाडांच्या बळकटीसाठी बाहेरून संप्रेरके घ्यावी लागतात. खेड्यातील मुलीस ती वर्षानुवर्षे नियमित मिळतील असे कोणी सांगावे?

याच्या उलट बाजूचे उदाहरण जन्मजात अधिवृक्क अतिवृद्धीचे. यात मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीत एका विकराची उणीव असते आणि त्यामुळे गर्भावस्थेतच पुरुषी संप्रेरकांचे प्रमाण वाढते. एक्स-एक्स गुणसूत्रांच्या मुलीस अंडाशय असतात, गर्भाशय असते, पुढे उपचार घेऊन ती आईही होऊ शकते. परंतु जन्मतः तिची शिश्निका मोठी असल्यामुळे ती मुलगा भासते किंवा निर्णयच करता येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या बहुकेंद्री नवजात तपासणीत या स्थितीचे प्रमाण साधारण पाच-सहा हजार बालकांमागे एक, असे आढळले. या ठिकाणी एक विलक्षण विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. या विकाराच्या तीव्र प्रकारात शरीरातील क्षार मूत्रावाटे निघून जातात आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाळास उलट्या, शुष्कता होऊन ते दगावू शकते. हायड्रोकॉर्टिसोन व फ्लुड्रोकॉर्टिसोन या औषधांनी त्याचा जीव वाचतो. ती आयुष्यभर घ्यावी लागतात. म्हणजे तातडी आहे ती औषधांची. कुटुंबाचे सारे लक्ष मात्र लागलेले असते ते अवयवाच्या दिसण्याकडे, ज्यात तातडीचे सहसा काहीच नसते. याच विकाराची मुले जर मुलगे असतील, तर दिसण्यात काही वेगळे नसल्याने कोणास शंकाही येत नाही, आणि पुष्कळदा निदानापूर्वीच ती दगावतात.

डॉमिनिकन प्रजासत्ताकातील काही खेड्यांत मुली म्हणून वाढलेली मुले वयात येताना मुलग्यांसारखी होतात, याचे वर्णन ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली व सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर करणाऱ्या विकराची उणीव हे त्याचे कारण. तेथील लोकांकडे अशा मुलांसाठी आधीपासूनच एक शब्द होता. याशिवाय टर्नर (एकच एक्स गुणसूत्र), क्लाइनफेल्टर (एक्स-एक्स-वाय) इत्यादी स्थिती आहेत. त्यांचा आंतरलिंगी या संज्ञेत समावेश करावा की नाही याविषयी मतभेद आहेत. प्रमाणाविषयीचे आकडे इतके भिन्न असण्याचे कारण हेच होय. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ अ‍ॅन फॉस्टो-स्टर्लिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये सर्व भेद धरून १.७ टक्के असा अंदाज मांडला; लेनर्ड सॅक्स यांनी २००२ मध्ये संज्ञा संकुचित करून तो ०.०१८ टक्क्यांवर आणला. दोन्ही आकडे एकाच वाक्यात, त्यांच्या व्याख्यांसह दिल्याशिवाय देऊ नयेत.

शस्त्रक्रियेची परंपरा

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे मानसशास्त्रज्ञ जॉन मनी यांनी असा सिद्धान्त मांडला, की पहिल्या दीड-दोन वर्षांत मूल ज्या लिंगाचे म्हणून वाढवावे त्या लिंगाचे ते होते. त्यासाठी त्याचे शरीर लवकरात लवकर त्या लिंगासारखे दिसले पाहिजे आणि खरी हकीकत मुलास कळता कामा नये. या सिद्धान्ताचा सर्वांत मोठा पुरावा म्हणून जे उदाहरण दिले जाई, ते आंतरलिंगी बालकाचे नव्हतेच. १९६५ मध्ये कॅनडात जन्मलेल्या डेव्हिड रायमर या मुलाच्या लिंगास सुंतेच्या वेळी अपघाताने इजा झाली आणि त्यास मुलगी म्हणून वाढविण्यात आले. त्याने किशोरवयातच ती ओळख नाकारली. हे १९९७ मध्ये मिल्टन डायमंड व कीथ सिग्मंडसन यांनी प्रसिद्ध केले. २००४ मध्ये रायमर यांनी आत्महत्या केली. पुरावा कोसळला, पण त्यावर उभारलेली पद्धत जगभरच्या बालशल्यचिकित्सेत रुजलेली होती.

ज्यांच्यावर या शस्त्रक्रिया झाल्या ती पिढी मोठी होऊन बोलू लागली, तेव्हा चित्राची दुसरी बाजू समोर आली. संवेदना गमावणे, वारंवार कराव्या लागणाऱ्या दुरुस्त्या, व्रणांची वेदना, आणि या सर्वांहून अधिक म्हणजे आपल्यापासून काहीतरी लपविले गेले आहे ही लहानपणापासूनची जाणीव. २६ ऑक्टोबर १९९६ रोजी बॉस्टन येथे बालरोगतज्ज्ञांच्या परिषदेबाहेर अशा व्यक्तींनी निदर्शने केली. तोच दिवस आता आंतरलिंगी जागृती दिन म्हणून पाळला जातो. २००६ मध्ये तज्ज्ञांच्या सहमतीने प्रसिद्ध झालेल्या निवेदनात बहुशाखीय पथक, मोकळा संवाद आणि शस्त्रक्रियेबाबत सावधगिरी यांचा पुरस्कार करण्यात आला. मात्र त्यात योजलेली 'लिंगविकासाचे विकार' ही संज्ञा अनेक आंतरलिंगी व्यक्तींना अमान्य आहे, आणि ते स्वाभाविक आहे.

शल्यचिकित्सकांची बाजूही नोंदविली पाहिजे. भारतीय समाजात असे मूल शस्त्रक्रियेविना वाढविणे आई-वडिलांस अशक्यप्राय वाटते. शेजारणीने न्हाऊ घालताना पाहिले तर काय, शाळेच्या स्वच्छतागृहात काय, अशी त्यांची भीती असते. ही भीती खोटी नाही. तथापि, दोन गोष्टींची येथे गल्लत होते. शस्त्रक्रिया पुढे ढकलणे म्हणजे मुलास 'तिसऱ्या' लिंगाचे म्हणून वाढविणे नव्हे. तज्ज्ञांच्या सल्ल्याने मूल मुलगी वा मुलगा म्हणून वाढवावे, त्यास नाव द्यावे, शाळेत घालावे. फक्त परत न मिळणारे असे काही त्याच्या शरीरातून काढू नये. मूल मोठे होऊन वेगळे काही सांगू लागले, तर नाव बदलता येते, पोशाख बदलता येतो. मूत्रमार्गात अडथळा असेल, संसर्ग वारंवार होत असेल, तर त्यासाठीची शस्त्रक्रिया आवश्यकच आहे. तिला कोणाचाही विरोध नाही. वाद आहे तो केवळ दिसण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा.

न्यायालये व कायदा

या प्रश्नावरील भारतातील पहिला महत्त्वाचा निर्णय एका विवाहनोंदणीच्या प्रकरणातून आला. तुतिकोरिन येथे एका पुरुषाने पारलिंगी स्त्रीशी केलेल्या विवाहाची नोंद करण्यास निबंधकांनी नकार दिला होता. २२ एप्रिल २०१९ रोजी मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठात न्या. जी. आर. स्वामिनाथन यांनी हा विवाह वैध ठरविला आणि त्याच निकालात आंतरलिंगी बालकांवरील शस्त्रक्रियांचाही विचार केला. पालकांची संमती ही मुलाची संमती मानता येणार नाही, ही त्यातील मध्यवर्ती भूमिका होय. मदुराईचे आंतरलिंगी कार्यकर्ते गोपी शंकर यांच्या कामाचा त्यामागे मोठा वाटा होता. त्यानुसार ऑगस्ट २०१९ मध्ये तामिळनाडू शासनाने, जीवितास धोका असल्याची परिस्थिती वगळता, अशा शस्त्रक्रियांवर बंदी घालणारा आदेश काढला. असा आदेश काढणारे ते देशातील पहिले राज्य. जगात माल्टा या लहानशा देशाने २०१५ मध्ये कायद्याने हे पाऊल उचलले होते.

केरळ उच्च न्यायालयासमोर २०२३ मध्ये आलेले प्रकरण अधिक कठीण होते, कारण तेथे मागणी करणारे पालकच होते. सात वर्षांच्या, अधिवृक्क अतिवृद्धी असलेल्या आपल्या अपत्यास मुलगी म्हणून वाढविण्यासाठी शस्त्रक्रियेची परवानगी त्यांनी मागितली. गुणसूत्रेही एक्स-एक्स होती. तरीही न्या. व्ही. जी. अरुण यांनी परवानगी नाकारली. मूल पुढे वेगळी ओळख सांगू शकते, आणि त्याच्या संमतीविना केलेली शस्त्रक्रिया त्याच्या प्रतिष्ठेचा व खासगीपणाचा भंग ठरेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. वैद्यकीय आवश्यकता आहे किंवा नाही हे तज्ज्ञ समितीने ठरवावे आणि शासनाने तीन महिन्यांत नियमन करावे, असा आदेश त्यांनी दिला. दिल्लीच्या बालहक्क संरक्षण आयोगाने २०२१ मध्ये बंदीची शिफारस केली होती. त्यावर निर्णय घ्यावा असे उच्च न्यायालयास २०२२ मध्ये सांगावे लागले. एप्रिल २०२४ मध्ये गोपी शंकर यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने केंद्र शासनास नोटीस काढली. त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने आंतरलिंगी व्यक्तींविषयीचा पहिला ठराव २४ विरुद्ध शून्य मतांनी संमत केला. २३ सदस्य तटस्थ राहिले.

संसदेने २०१९ मध्ये संमत केलेल्या पारलिंगी व्यक्तींच्या हक्कसंरक्षण कायद्यात आंतरलिंगी भेद असलेल्या व्यक्तीची स्वतंत्र व्याख्या देण्यात आली, हे स्वागतार्ह होते. परंतु त्याच कलमात पुढे पारलिंगी या व्याख्येत तिचा समावेश करण्यात आला आणि बालकांवरील शस्त्रक्रियेविषयी कायदा मौन राहिला. शब्दांच्या गोंधळाची किंमत ती हीच. ज्या मागणीसाठी स्वतंत्र उल्लेख हवा होता, ती मागणीच कायद्याच्या मजकुरात आली नाही.

तपासणी आणि दाखला

बालपणी वाचलेली व्यक्ती पुढे अडते ती तपासणीच्या टेबलावर. क्रीडाक्षेत्रातील उदाहरणे परिचित आहेत. तामिळनाडूच्या शांती सौंदरराजन यांना २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटर धावण्यात मिळालेले रौप्यपदक लिंगचाचणीनंतर गमवावे लागले. २०१४ मध्ये ओडिशाच्या द्युती चंद यांना संघातून वगळण्यात आले. त्यांनी क्रीडा लवादाकडे दाद मागितली आणि जुलै २०१५ मध्ये संबंधित नियमच स्थगित झाला. १ सप्टेंबर २०२५ पासून जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने महिला गटासाठी एसआरवाय जनुकाची चाचणी अमलात आणली. हे जनुक शोधणाऱ्या चमूतील अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच त्यास आक्षेप घेतला, ही बाब बोलकी आहे. जनुक उपस्थित आहे एवढेच चाचणी सांगते. शरीराने त्यास कसा प्रतिसाद दिला हे ती सांगत नाही.

आपल्या अधिक जवळचे प्रकरण नाशिकचे आहे. २०१८ च्या नाशिक ग्रामीण पोलीस भरतीत अनुसूचित जाती प्रवर्गातून अर्ज केलेली एक तरुणी लेखी व शारीरिक परीक्षा उत्तीर्ण झाली. वैद्यकीय तपासणीत तिला गर्भाशय व अंडाशय नसल्याचे आढळले. गुणसूत्र चाचणीनंतर 'पुरुष' असा शेरा आला आणि तिची निवड रोखली गेली. जन्मापासून ती मुलगी म्हणून वाढली होती. शाळा-महाविद्यालयाचे सर्व दाखले मुलीच्या नावाचे होते. या गोष्टीची तिला स्वतःलाही कल्पना नव्हती. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिचा यात कोणताही दोष नसल्याचे नमूद केले, आणि शासनानेही सहानुभूतीपूर्वक भूमिका घेऊन पोलीस दलात शिपाई पदाऐवजी अन्य पदावर तिला सामावून घेण्याची तयारी दर्शविली. निकाल दिलासा देणारा आहे. परंतु जी परीक्षा ती उत्तीर्ण झाली होती, ते पद तिला मिळाले नाही, हेही नोंदविले पाहिजे.

महाविद्यालयातील प्रश्न

ही तरुणी कोणत्या तरी महाविद्यालयातील वर्गात बसली होती. पोलीस भरतीपूर्व प्रशिक्षण आपल्या अनेक महाविद्यालयांत चालते. क्रीडा संचालक, वसतिगृहाच्या अधीक्षक, महिला तक्रार निवारण समितीच्या सदस्य यांच्याकडे अशी विद्यार्थिनी वा विद्यार्थी येण्याची शक्यता आपण समजतो त्याहून अधिक आहे. अठराव्या वर्षीही न्हाण न आलेली मुलगी वसतिगृहात मैत्रिणींपासून ते लपवीत असते. आपण तिचे निदान करू नये. तिला स्त्रीरोगतज्ज्ञ व अंतःस्रावी ग्रंथितज्ज्ञ अशा दोघांकडे, शक्यतो शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, जाण्यास सुचवावे. अहवाल प्रथम तिच्याच हाती पडेल आणि कोणतीही शस्त्रक्रिया विचार करण्यास अवधी न घेता होणार नाही, एवढे तिला सांगावे. ही बाब अध्यापक कक्षात चर्चेस आणू नये. प्रवेश अर्जातील 'इतर' या रकान्याकडे बोट दाखविणे हा तर मदतीचा सर्वांत चुकीचा मार्ग होय. ती 'इतर' नाही, ती स्वतःस मुलगी समजते.

अभ्यासक्रमाचा प्रश्न यास लागूनच येतो. आमच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थी छापील गुणसूत्रे कापून, जोड्या लावून वहीत चिकटवितात. त्यांतील एका तक्त्यात एक्स-एक्स-वाय असा संच येतो आणि त्याखाली 'रुग्णाचे लिंग व विकार ओळखा' असे वाक्य असते. त्या विषयाच्या सहकाऱ्यांशी यावर चर्चा झाली तेव्हा त्यांनी सांगितले, की अनेक क्लाइनफेल्टर पुरुषांस आपले गुणसूत्र वेगळे आहे हे आयुष्यभर समजतही नाही. मग तो रुग्ण कोणाचा? यंदापासून त्यांनी वर्गात 'रुग्ण' या जागी 'व्यक्ती' असे लिहून घेण्यास प्रारंभ केला आहे आणि 'विकार' हा शब्द खोडावयास सांगितले आहे. छापील प्रात्यक्षिक पुस्तिकेत मात्र ते वाक्य अद्याप तसेच आहे. अभ्यास मंडळाकडे त्याविषयी पत्र पाठविले आहे.